सागरेश्वरला हरणं बघायला निघालाय? मग आधी गप्प बसायला शिका

पहिल्यांदा आम्ही सागरेश्वरला गेलो तेव्हा एका गाडीत नऊ जण होतो, त्यातली चार पोरं आणि एक ब्लूटूथ स्पीकर. घरातनं निघायलाच साडेदहा वाजले, कारण कुणाची तरी ओढणी सापडत नव्हती आणि मग पुढं वडापावला थांबलो, आणि गेटवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. दोन तास हिंडलो, घामानं भिजलो, आणि शेवटी काय बघितलं विचाराल तर एक मोर आणि लांबनं झाडीत घुसणाऱ्या कसल्यातरी जनावराचं बूड. पोरं म्हणाली, हरणं नाहीतच इथं. आम्ही पण तेच घरी येऊन सांगितलं सगळ्यांना.

पुढच्या उन्हाळ्यात तात्या म्हणजे माझे थोरले चुलते म्हणाले, चल मी दाखवतो. पहाटे उठवलं, गेट उघडायच्या आधीच नेऊन उभं केलं, आत थोडं चालल्यावर रस्त्याच्या कडेला एका झाडाच्या बुंध्याशी बसवलं आणि म्हणाले, "हितं बस. आणि गप्प बस." बास, एवढंच ट्रेनिंग. पाऊण तास झाला असेल नसेल, समोरच्या उतारावरनं चितळाची एक मादी आली, मग दुसरी, मग त्यांच्या मागनं आख्खा कळप, चौदा मोजली मी. जंगल तेच, हरणं तीच, फरक फक्त एवढाच की आम्ही पहिल्यांदा फिरत होतो आणि या वेळी बसलो होतो.

म्हणून हे लिहायला घेतलंय. सांगलीकडचे, साताऱ्याकडचे बरेच जण एकदा जाऊन येतात आणि काय दिसलं नाही म्हणून परत तोंड वळवत नाहीत, त्यांच्यासाठी आणि पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी.

ही जागा आहे तरी काय

सागरेश्वर म्हणजे सांगली जिल्ह्यातलं अभयारण्य, कडेगाव, पलूस आणि वाळवा या तीन तालुक्यांच्या सांध्यावर. पूर्ण नाव यशवंतराव चव्हाण सागरेश्वर अभयारण्य, पण तसं कोण म्हणत नाही, सागरेश्वरच म्हणतात. क्षेत्रफळ १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे ताडोबा वगैरे डोक्यात घेऊन येऊ नका, हे छोटं आहे. पण याची गंमत वेगळीच आहे, हे जंगल माणसांनी केलंय. आधी हे डोंगर बोडके होते. मोहित्यांचे वडगावचे धों. म. मोहिते, आमच्याकडं त्यांना अण्णा म्हणायचे, वृक्षमित्र म्हणून त्यांचं नाव आहे, त्यांनी हा नाद घेतला आणि झाडं लावून, जगवून, पाठपुरावा करून करून १९८५ साली याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. यातली बरीचशी जनावरं पण बाहेरनं आणून सोडलेली आहेत. बारमाही पाणी आत नाही, ना ओढा ना नदी, कृष्णा वाहते ती खाली, त्यामुळं पाणवठे तयार करून त्यात पाणी सोडावं लागतं. हे लक्षात ठेवा, कारण हरणं कुठं आणि कधी दिसणार याचं निम्मं उत्तर या पाण्यातच आहे.

आत काय काय आहे तर चितळ, सांबर, भेकर, काळवीट, शिवाय साळिंदर, कोल्हा, तरस, मोर आणि पाखरं भरपूर. झाडी आपल्याकडच्या कोरड्या डोंगरावर असते तशीच, काटेरी आणि पानगळीची. कोयनेकडच्या हिरव्यागार जंगलाची अपेक्षा ठेवून आलात तर मार्चमध्ये तुम्हाला हे वाळलेलं रान वाटेल. वाळलेलंच असतं. पण वाळलेलं असतं म्हणूनच लांबचं दिसतं.

कधी जायचं

आता यात लोकांची मतं वेगवेगळी आहेत, मी माझं सांगतो.

पावसाळ्यात डोंगर भारी दिसतो, फोटोला नादखुळा, पण हरणांसाठी बेकार. गवत कमरेएवढं, झाडोरा दाट, पाणी जागोजागी साठलेलं, मग जनावर पाणवठ्यावर येईल कशाला. श्रावणात तर सोमवारी तिथल्या महादेवाच्या देवळाकडं एवढी गर्दी असते की त्या दिवशी हरणांचा नाद सोडा, देवाचं दर्शन घ्या आणि घरी या.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हवा चांगली, पोरं-बायका-म्हातारी माणसं सगळ्यांना झेपतं, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं. पहिल्यांदा जाणार असाल तर हाच सीझन धरा.

मार्च ते मे म्हणजे खरा हरणांचा सीझन. पानं गळलेली, पाणी मोजक्या ठिकाणी, जनावराला पाण्यावर यावंच लागतं. शिवाय या दिवसांत चितळाचे नर माजावर असतात, त्यांचं ओरडणं ऐकायला मिळतं, मोठ्या शिंगांचे नर उघड्यावर दिसतात. पण ऊन असं असतं की दहानंतर डोकं भणभणतं. तेव्हा सकाळी लवकर आत, दहा-साडेदहाला बाहेर.

वेळेचं म्हणाल तर गेट उघडल्या उघडल्या आत. यात तडजोड नाही. दुपारी हरणं सावलीत बसून रवंथ करत असतात, आपली म्हैस करते तशी, त्यावेळी ती हलत नाहीत आणि न हलणारं चितळ दहा पावलांवर असलं तरी दिसत नाही, अंगावरचे ठिपके आणि पानांतनं पडणारं ऊन एकच होऊन जातं. संध्याकाळ पण चांगली, पण गेट बंद व्हायच्या वेळेत परत यायचं टेन्शन राहतं. आणि रविवार टाळता आला तर टाळा. नसेल टाळता येत तर रविवारीच जा, पण पहिल्या तासात जा, कारण ट्रॅक्स भरून येणारी मंडळी नऊनंतरच उगवतात (आम्ही पण त्यातलेच होतो, वर सांगितलंच).

पोचायचं कसं

ताकारी गावाकडनं देवराष्ट्रेला जाणारा रस्ता सागरेश्वरच्या खिंडीतनं जातो, तिथंच सगळं आहे. पुणे-मिरज रेल्वेवर ताकारी स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, पॅसेंजर बघून घ्या. साताऱ्याकडनं येणाऱ्यांनी कराडला यायचं आणि तिथनं शेणोलीमार्गे ताकारी. हायवेनं कोल्हापूरकडनं येत असाल तर पेठ नाक्याला वळायचं, इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर), आणि पुढं ताकारी. सांगलीवाले पलूस-कुंडल बाजूनं येतात. एसटीनं पण येता येतं पण सकाळी सहा-साडेसहाला गेटवर पोचायचं असेल तर एसटी जमत नाही, टू व्हीलर किंवा स्वतःची गाडी लागतेच. नाहीतर आदल्या दिवशी कराड नाहीतर इस्लामपुरात पाहुण्यांकडं मुक्काम ठोका, आपल्याकडं पाहुणे नसलेलं गाव कुठं असतंय.

सोबत काय घ्यायचं, काय घरी ठेवायचं

पाणी. माणशी दोन लिटर. आत दुकान असेल, कुणीतरी विकत असेल, या भरवशावर राहू नका.

बूट. चप्पल नको, काटे आहेत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला साप पण हिंडतात. पँट पायघोळ असू दे, गवतात गोचीड असते, ती अंगाला चिकटली की लवकर कळत नाही, घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी घोट्याला, गुडघ्यामागं, कमरेला नीट बघायचं.

कपड्यांचा रंग. इथं लोक चुकतात. आपल्याला वाटतं लाल-केशरी भडक म्हणून हरणाला लगेच दिसणार, पण हरणाच्या डोळ्याला लाल आणि केशरी आपल्यासारखं दिसत नाही, मळकटच दिसतं. उलट निळा रंग त्यांना चांगला दिसतो. म्हणजे जीन्स घालून गेलात तर तुम्ही चमकताय. पांढरा शर्ट पण नको, रानात पांढरं हललं की लांबनं कळतं. खाकी, मातकट, मळका हिरवा, जुना करडा टीशर्ट असलं काहीतरी घाला, नवीन कपडे घ्यायची गरज नाही, शेतात घालायचे कपडे असतात ना तेच.

वास. सेंट, अत्तर, पावडर, डासाचं क्रीम भरमसाठ थापून जाऊ नका. हरणाचं नाक आपल्या विचाराच्या पलीकडचं आहे.

दुर्बीण असली तर सोनं. नसेल तर कुणाची तरी मागून घ्या. मोबाईलच्या झूमनं हरीण म्हणजे तपकिरी डाग येतो नुसता, मग लोक जवळ जायला बघतात आणि तिथंच सगळं बिघडतं.

खायला घेताना एक करा, भडंग घ्यायचंच असेल तर (आणि सांगलीकडचा माणूस भडंगाशिवाय घराबाहेर पडतोय होय) ते डब्यात काढून घ्या. पुडीचा चर्रर्र असा आवाज त्या शांततेत किती लांब जातो ते मी अनुभवलंय. माझ्याच हातातली पुडी होती, समोर दोन माद्या आणि एक पाडस पाण्याला तोंड लावणार एवढ्यात मला भूक लागली. तात्यांनी माझ्याकडं जे बघितलं ते अजून आठवतंय.

घरी काय ठेवायचं तर स्पीकर, फटाके-पिपाण्या, ड्रोन, आणि घरचं कुत्रं. कुत्रं कितीही शहाणं असलं तरी नको, हरणाला त्याचं शहाणपण माहीत नसतं. विडी-सिगारेट-काडेपेटी पण गेटच्या बाहेरच. उन्हाळ्यात एका काडीनं आख्खा डोंगर जातो, वणवा विझवताना काय हाल होतात ते वणवा विझवलेल्या माणसाला विचारा.

गेटवर

नोंद करायची, तिकीट काढायचं, सुट्टे पैसे जवळ ठेवायचे. आणि तिकीट फाडून घेऊन लगेच पळू नका, तिथल्या गार्डसाहेबांशी, वनमजुरांशी दोन मिनिटं बोला. "दादा, काल कुठल्या पाणवठ्यावर पाणी सोडलं?" एवढा एक प्रश्न विचारा. ही माणसं रोज आत असतात, कुठल्या बाजूला कळप आहे, कुठल्या वाटेनं जाऊ नये, गाडी कुठपर्यंत न्यायची आणि कुठनं पायी, सगळं त्यांना माहिती. ती सांगतील तेवढंच जायचं, त्यांनी नको म्हटलेल्या वाटेनं जाऊन हिरो बनायचं नाही. शनिवारी-रविवारी लोकांनी त्यांचं डोकं एवढं खाल्लेलं असतं की कुणी नीट बोललं तरी त्यांना बरं वाटतं, आणि मग न विचारता चार गोष्टी जास्तीच्या सांगतात.

आत गेल्यावर पहिला तास

हा मेन भाग आहे, इथं सावकाश वाचा.

गाडी असेल तर लावायची तिथं लावा, दरवाजा धाडकन लावू नका, हातानं दाबून बंद करा. मग चालायचं, पण फिरायला आल्यासारखं नाही. वीस-पंचवीस पावलं चालायचं, थांबायचं, कान द्यायचा, डावीकडनं उजवीकडं हळू नजर फिरवायची. आख्खं हरीण शोधू नका, ते सापडत नाही. कान शोधा. झाडीत आडवी रेघ शोधा, कारण झाडं उभी असतात आणि जनावराची पाठ आडवी असते. हललेली शेपटी शोधा. ही आडव्या रेघेची गोष्ट तात्यांनी सांगितली आणि तेव्हापासून मला दिसायला लागलं, आधी मी सरळ बघून पुढं जायचो.

वारा बघायचा. चिमूटभर बारीक माती हातात घेऊन सोडा, कुठं उडते बघा. वारा तुमच्या तोंडावर येत असेल तर चांगलं, तुमच्या पाठीवरनं पुढं जात असेल तर तुमच्या आधी तुमचा वास पोचला म्हणून समजा आणि बाजू बदला.

मग बसायची जागा. रस्ता किंवा वाट सोडून आत घुसायचं नाही, कडेलाच एखादा मोठा बुंधा नाहीतर दगड बघायचा, त्याच्या पुढं बसायचं, मागं नाही. मागं बसलं की सारखं डोकं बाहेर काढून बघावं लागतं आणि ते वरखाली होणारं डोकंच दिसतं हरणाला. पुढं बुंध्याला टेकून बसलं की आपला आकार झाडात मिसळतो. पाणवठा दिसत असेल अशी जागा उत्तम, पण पाणवठ्याला चिकटून बसू नका, चांगलं लांब बसा. उन्हाळ्यात तुम्ही पाण्याजवळ ठाण मांडलंत तर ती जनावरं तुम्ही उठेपर्यंत तहानलेली उभी राहतात आत कुठंतरी. आपल्या फोटोपायी त्यांचं पाणी तोडायचं नाही.

बसलात की मोबाईल सायलेंट, नाहीतर फ्लाईट मोड. आणि आता पंचेचाळीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं डोकं खाजवावंसं वाटतं, पाय आखडतो, वाटतं उठून पुढं बघावं, तिकडं असतील. नसतात तिकडं. पंधरा-वीस मिनिटांनी एक गोष्ट होते ती ध्यानात ठेवा, पाखरं परत ओरडायला लागतात. तुम्ही आलात तेव्हा ती गप्प झालेली असतात पण आपल्या ते लक्षातच आलेलं नसतं. पाखरं सुरू झाली म्हणजे रानानं तुम्हाला सोडून दिलं. त्यानंतरच काय यायचं ते येतं.

कळप आला की काय करायचं? काहीच नाही. हात उचलायचा नाही, "ते बघ ते बघ" करायचं नाही. पहिली येणारी मादी बहुतेक वेळा वयस्कर असते, ती थांबते, मान वर करते, कान पुढं टाकते. कधी कधी पुढचा पाय जमिनीवर आपटते. याचा अर्थ तिला शंका आलीय पण खात्री नाही. तेव्हा तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघू नका, खाली बघा, श्वास बारीक. एक-दोन मिनिटांत ती मान खाली घालून खायला लागली की जिंकलात. शेपटी वर गेली आणि टोकदार शिटीसारखा आवाज काढला की मात्र खेळ संपला, सगळा कळप उधळतो.

कुठलं काय ते ओळखायचं कसं

सगळ्याला हरीण हरीण म्हणायची आपल्याला सवय, पण जरा माहिती असली की बघायला जास्त मजा येते.

चितळ सगळ्यात आधी दिसेल. तांबूस अंगावर पांढरे ठिपके, हे ठिपके लहानपणापुरते नसतात, जन्मभर राहतात. कळपानं असतं. शिंगं फक्त नराला, आणि पूर्ण वाढलेल्या नराच्या एका शिंगाला साधारण तीन टोकं असतात. आता एखाद्या वेळी तुम्हाला नर दिसेल पण शिंगं आखूड, जाडी आणि वर लव असल्यासारखी मऊ मखमली दिसतील, तो आजारी नाही. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगं हाडाची असतात, ठरावीक काळानं गळून पडतात आणि परत नवीन येतात, वाढताना त्यावर रक्त पुरवणारी कातडी असते, ती मखमल. वाढ पूर्ण झाली की ती वाळते आणि नर ती झाडाला घासून काढतो. वाटेत एखाद्या बारक्या झाडाची साल कमरेएवढ्या उंचीवर सोलवटलेली दिसली तर ती कुणाची कामगिरी ते आता कळेल.

गळून पडलेलं शिंग वाटेत सापडलं तर? उचलायचं नाही. खरंच नाही. "पडलेलंच तर आहे" हे कारण चालत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसतंय, दिवाणखान्यात लावायचं शिंग थेट पोलिस केसपर्यंत नेऊ शकतं. गार्डला सांगा, बास.

सांबर म्हणजे भारतातलं सगळ्यात मोठं हरीण, काळपट तपकिरी, राठ केसांचं, कान केवढे मोठे, नर दोनशे किलोच्या वर जातो. पण एवढं मोठं असून चितळापेक्षा कमी दिसतं, कारण ते रात्रीचं जनावर, अंधार पडता पडता बाहेर येतं आणि उजाडलं की झाडीत. पहाटे पहिल्यांदा आत जाणाऱ्याला ते दिसायचा चान्स, म्हणून परत सांगतो, लवकर जा. त्याचा इशारा म्हणजे एकदम "ढोंक्" असा मोठा आवाज, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं कुणीतरी रिकाम्या पिंपावर काहीतरी मारलं. आणि हो, काही सांबरांच्या गळ्याखाली केस गेलेला लालसर चट्टा दिसतो, जखमेसारखा. लोक हळहळतात, गार्डला जाऊन सांगतात की जनावर जखमी आहे. सांबरात तो असा असतोच काही दिवस, त्यातनं वास सोडतात ती.

भेकर छोटं, शेळीएवढं, लालसर, एकटं-दुकटं. दिसण्याआधी ऐकू येतं, कुत्र्यासारखं भुंकतं, आणि एकदा सुरू झालं की भुंकतच राहतं. नराला शिंगं बोटभरच पण वरच्या जबड्यातले सुळे बाहेर आलेले.

आणि काळवीट, हे खरं तर हरीणच नाही. म्हणजे आपण म्हणतो हरीण, पण हा कुरंगाचा प्रकार, नात्यानं गाय-बकरीच्या जवळचा. याची शिंगं पिळाची, आत हाड आणि वर शिंगाचं कवच, ती कधी गळत नाहीत, जन्मभर तीच. मोठा नर वरनं काळा, पोटाला पांढरा, डोळ्याभोवती पांढरं. मादी पिवळसर-बदामी आणि बहुतेक बिनशिंगाची. हा माळावरचा प्राणी, दाट झाडीत शोधू नका, उघड्या गवताच्या पट्ट्यात बघा. पळताना बघायला मिळाला तर त्या दिवशी लॉटरी लागली म्हणा, ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास जातो गडी.

हात लावू नका, खायला देऊ नका

हे वेगळं सांगायला लागतंय कारण लोक करतात. बिस्कीट, चपाती, भात, मका, काही काही टाकतात. हरणाचं पोट आपल्या गाई-म्हशीसारखं चार कप्प्यांचं, ते पाला-गवत कुजवून पचवायला बनलंय. एकदम धान्य, भाकरी, ब्रेड गेलं की पोटात आम्ल तयार होतं, फुगतं, जनावर मरतं सुद्धा. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना सांगायची गरज नाही, म्हशीनं चुकून आंबोणाचं पोतं फोडलं की रात्री डॉक्टरला कसं बोलवावं लागतं ते माहितीय. वर चिप्सची पिशवी टाकली की तिच्या मिठाच्या वासानं हरीण ती पिशवीच चघळतं. त्यामुळं आपला कचरा आपल्या पिशवीत, केळीची साल पण.

पाडस गवतात एकटंच बसलेलं दिसलं तर "अरेरे, आई सोडून गेली" म्हणून उचलायचं नाही. आई मुद्दाम लपवून चरायला जाते, ते हलत नाही, त्याला वास पण फारसा येत नाही, तोच त्याचा बचाव असतो. तुम्ही हात लावला, भोवती घोळका केला की आईला जवळ येता येत नाही. लांबनं बघितलं, पुढं झालं. हे नुसतं अभयारण्यातलं नाही, कुंपण असलं तरी हरणं बाहेरच्या शिवारात येतात, उसाच्या तोडीला पाडसं सापडतात. तिथं पण घरी नेऊन बाटलीनं दूध पाजून रील करायच्या ऐवजी वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करा, टोल फ्री आहे.

माजावरचा नर उघड्यावर असेल तर निदान पन्नास पावलं लांब राहा. माणसाळल्यासारखा उभा दिसतो पण त्याला तेव्हा डोकं नसतं. सेल्फीसाठी पाठ करून उभं राहणं हा सगळ्यात येडेपणाचा प्रकार.

लहान पोरं असतील तर

पोरांना पंचेचाळीस मिनिटं गप्प बसवणं म्हणजे काय ते मला सांगू नका, मला दोन आहेत. मी काय करतो तर पंधरा मिनिटांचा डाव लावतो, जो जास्त वेगवेगळे आवाज मोजेल तो जिंकला, बोटांवर मोजायचे, बोलायचं नाही. मग थोडं चालायचं, वाटेवरचे खूर दाखवायचे, दोन टोकदार फाका असलेला छोटा ठसा चितळाचा, तसाच पण मोठा सांबराचा, लेंड्या कुणाच्या ते ओळखायचं, पोरांना लेंड्यांत भलताच इंटरेस्ट असतो. मग परत पंधरा मिनिटं बसायचं. धाकट्यानं मागच्या वेळी अकरा आवाज मोजले, त्यातला एक माझ्या पोटाचा होता.

खूपच लहान असेल, कडेवरचं, तर घरी आजीपाशी ठेवलेलं बरं. म्हातारी माणसं असतील तर चढ बघून घ्या. वर किर्लोस्कर पॉईंटवरनं कृष्णाकाठचा ऊस, द्राक्षबागा, नदी सगळं दिसतं, जमलं तर जरूर जा, पण उन्हं चढायच्या आत.

परत येताना

दहा-साडेदहाला बाहेर पडलात की दिवस रिकामा आहे. सागरेश्वराचं देऊळ बघा, मुख्य महादेवाचं देऊळ आणि भोवती बारक्या बारक्या देवळांचा समूह, सकाळी तिथं जो थंडावा असतो तो भारी वाटतो. पलीकडं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, १९१३ साली ते तिथं जन्मले. कुंडलला जैन क्षेत्र आहे, शिवाय क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या लढ्यातलं हे गाव. एका दिवसात सगळं उरकायची घाई मात्र करू नका, नाहीतर हरणांचा तास कापला जातो आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

इथल्या शेतकऱ्याशी गाठ पडली आणि तुम्ही "किती छान हरणं आहेत हो तुमच्याकडं" म्हणालात तर तो कदाचित हसणार नाही. रात्रीत हरभरा, गहू, भुईमूग साफ होतो त्याचा, रात्ररात्र राखण करावी लागते. त्याचं ऐकून घ्या. इथली काही चितळं पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडलीत, तिकडं वाघाला भक्ष्य पाहिजे म्हणून, आणि इथला भार पण थोडा हलका होतो. पकडायची पण गंमत असते, नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं आडोशाचं कुंपण करतात, बोमा म्हणतात त्याला, हरीण आपसूक आत जाऊन गाडीत चढतं, हात लावावा लागत नाही, कारण हरीण भीतीनंच मरतं, एवढं नाजूक काळजाचं असतंय ते.

शेवटचं, संध्याकाळी परत निघणार असाल तर खिंडीतनं गाडी तिसाच्या वर नेऊ नका. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं म्हणून लगेच ॲक्सिलेटर दाबायचा नाही, मागनं अजून चार येत असतात. मागच्या मार्चमध्ये मी असाच थांबलो, लाईट डिम केली, मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न मारून मारून डोकं उठवलं, मी हात बाहेर काढून थांब थांब केलं. एक मादी गेली, दुसरी गेली, मग काहीच नाही. टेम्पोवाला उतरून भांडायलाच आला होता खिडकीशी, आणि तेवढ्यात पाडस आलं, रस्त्याच्या मधोमध थांबलं, आम्हा दोघांकडं बघितलं आणि टुणकन पलीकडं गेलं. तो म्हणाला, "आयला." मग जरा वेळ तिथंच उभा राहिला, आणि परत जाऊन टेम्पोचं इंजिनच बंद केलं त्यानं.